लाइटनिंगची मोठी बॅटरी आणि मागे कॅम्पर: वापरानंतरचा अनुभव

माझी विजेवरची पिकअप, फोर्ड एफ-150 लाइटनिंग, 2023 ची, मोठ्या बॅटरीची, म्हणजे 131 युनिटची (किलोवॅट-तासांची). छोटी 98 ची मिळत होती. एका चार्जमधल्या रेंजचा कागदावरचा फरक 320 आणि 240 मैलांचा. इथे ओहायोतल्या कोलंबसमधल्या रोजच्या धावपळीत तो एकदाही जाणवला नाही. गॅरेजमध्ये 48 अँपियरचा चार्जर आहे, रात्री लावली की सकाळी गाडी तयार. घरी 240 व्होल्टची लाइन असेल आणि फेऱ्या ऑफिस, कॉस्को, मराठी शाळा एवढ्याच असतील, तर छोटी घ्या. थंडीत रेंज घटते (कमी विजेत गाडी गरम ठेवणारा हीट पंप माझ्या गाडीत नाही), तरी भागतं.

मागे कॅम्पर, म्हणजे ओढून न्यायचं चाकांवरचं घर, जोडला की मात्र गणित फिरतं. मोकळी गाडी युनिटला दोनेक मैल देते, उंच चौकोनी कॅम्परसकट जेमतेम एक. वजनापेक्षा वाराच बॅटरी खातो. क्लीव्हलँड सुमारे 140 मैल, म्हणजे वाटेत थांबणं आलंच. पण थांबायचं कुठे? बहुतेक फास्ट चार्जर पार्किंगच्या कडेला, एकट्या गाडीच्या मापाने बसवलेले. आमची वरात तिथे मावत नाही. आधी कॅम्पर सोडा, मग चार्जिंग, मग पुन्हा हिच (जोडणीचा आकडा), साखळ्या, वायर. 2024 पासून टेस्लाचे सुपरचार्जर अडॅप्टर लावून वापरता येतात, ही मोठी सोय. पण लाइटनिंगचं चार्जिंग पोर्ट ड्रायव्हरच्या बाजूला, पुढच्या चाकापाशी आणि तिथल्या केबली बहुधा आखूड. मग शेजारची जागा अडवायची आणि लोकांच्या नजरा झेलायच्या.

शेवरोलेच्या विजेवरच्या पिकअपमध्ये, सिल्व्हराडो ईव्हीत, 200 युनिटच्या वरची बॅटरी मिळते. एखादा थांबा वाचेल, हे खरं. पण रिकामी झाली तर घरच्या चार्जरवर एका रात्रीत भरायची नाही, आणि कॅम्पर सोडायची कटकट आहेच. त्यापेक्षा पेट्रोल पंपासारखे आरपार जाता येणारे चार्जर वाटेत दोन जरी असले, तरी माझी 131 पुरते.

सगळ्यात उपयोगी पडले ते कॅम्पग्राउंडमधले, कॅम्परला वीज द्यायला बसवलेले सॉकेटचे खांब. खांबावर 50 आणि 30 अँपियरचे दोन्ही सॉकेट असतील, तर कॅम्पर 30 वर आणि ट्रक 50 वर लावतो. साधारण 7 किलोवॅटने रात्रभरात 70 युनिट भरतात, सोडाजोड नाही. काही ठिकाणी गाडी लावू देत नाहीत, तेव्हा बुकिंगआधी फोन करून विचारा.

डिसेंबर 2025 मध्ये फोर्डने ही पूर्ण विजेवरची लाइटनिंग बंद करून पुढची, चालता चालता बॅटरी भरणाऱ्या पेट्रोलच्या जनरेटरसह आणायचं जाहीर केलं. ओढकामासाठी ते पटतं. सेकंडहँड घेणार असाल, तर आधी नेहमीच्या रस्त्यावरचे चार्जर प्रत्यक्ष जाऊन बघा: ट्रेलरसकट आत शिरता येतं का, आणि बाहेर निघता येतं का.