जॉनी सिल्व्हरहँड: डोक्यात राहायला आलेला लीड सिंगर

ऑर्केस्ट्राच्या स्टेजमागे ज्यांनी उमेदीची वर्षं घालवली त्यांना एक जमात लांबूनच ओळखता येते. साउंड चेकला दांडी मारणार, कार्यक्रमाला उशिरा उगवणार, पहिल्याच गाण्यात मॉनिटरकडे बोट दाखवून 'माझा आवाजच येत नाही' म्हणून ओरडणार, बासवाल्याशी सगळ्यांदेखत भांडणार. आणि मग दुसऱ्या कडव्याला पब्लिक असं काही उचलणार, की आपण ह्याच्यावर चिडलोय हे विसरून आपणच त्याच्या आवाजाचा फेडर, म्हणजे मिक्सरवरची सरकपट्टी, वर सरकवायचा. लीड सिंगर! सांगली-कोल्हापूर पट्ट्यात साउंडची कामं करताना असे पुष्कळ बघितले. 'सायबरपंक २०७७' या व्हिडिओ गेममधला जॉनी सिल्व्हरहँड समोर आला तेव्हा म्हटलं, या, तुमचीच कमी होती.

गेमचा इतिहास बहुतेकांना माहीत असेल, म्हणून उरकून टाकतो. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड कंपनीने हा १० डिसेंबर २०२०ला बाजारात आणला. जुन्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रांवर, त्याची एवढी दुर्दशा होती, की सोनीने आठवड्याभरात आपल्या ऑनलाइन दुकानातून तो काढून टाकला आणि लोकांना पैसे परत देऊ केले. जून २०२१मध्ये तो तिथे परत आला. पुढे दुरुस्त्या होत गेल्या आणि सप्टेंबर २०२३च्या २.० अपडेटमध्ये पोलिसांच्या वागण्यापासून खेळाडूची कौशल्यं वाढवायच्या पद्धतीपर्यंत बरंच काही नव्याने बांधलं गेलं. मी घेतला तो त्यानंतर, पीसीवर, सेलमध्ये. त्यामुळे सुरुवातीच्या रडारडीबद्दल माझ्याकडे काही नाही. आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्डावर रे ट्रेसिंग (खऱ्यासारख्या उजेड-सावल्यांची जड करामत) बंद ठेवलं तर फुल एचडीला काही कुरकुर नाही. एसएसडीवर सत्तरेक जीबी जागा मात्र मोकळी ठेवा.

आता मुद्द्याचं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचं नाइट सिटी नावाचं काल्पनिक शहर. इथे सरकार नावालाच, राज्य कंपन्यांचं. आपण व्ही, पैसे घेऊन वाट्टेल ती कामं करणारा (किंवा करणारी, सुरुवातीला निवडायचं) भाडोत्री माणूस. आरासाका या जपानी कंपनीची एक चिप चोरायला जातो, काम फसतं, जिवाभावाचा दोस्त जातो आणि काम देणाराच आपल्या कपाळात गोळी घालतो. आपण वाचतो ते डोक्यात खोचलेल्या त्या चिपमुळे. त्या चिपमध्ये जॉनी आहे. खरं नाव रॉबर्ट जॉन लिंडर, युद्धात डावा हात गमावून सैन्यातून पळालेला, मग 'सामुराय' बँडचा गायक, मग २०२३मध्ये आरासाकाच्या टॉवरमध्ये अणुबाँब नेणारा. मेला, पण मरायच्या आधी कंपनीने त्याच्या मनाची नक्कल उतरवून ठेवली होती. चोपन्न वर्षांनी ती नक्कल आपल्या मेंदूत जागी होते आणि हळूहळू मेंदू पुसून आपलं घर करायला लागते. आपल्याकडे काही आठवडेच उरलेत.

पहिली भेट बघा. व्ही आपल्या खोलीत, अंगात त्राण नाही. काळा गॉगल आणि चांदीसारखा हात असलेला एक माणूस कुठूनतरी उगवतो. सिगारेट कुठाय म्हणून विचारतो, आणि आपलं डोकं धरून खिडकीच्या काचेवर आपटतो. दुखतं ते आपल्याला, कारण तो नाहीच. आपलं शरीर स्वतःच काचेवर डोकं आपटतंय. बाहेर पूर्ण शहर लखलखतंय आणि आपल्याला दिसतेय ती काच, जवळून. मी बऱ्याच गेममध्ये खलनायक बघितले, नायक बघितले. पण ज्याच्यासोबत पुढचे सगळे तास काढायचेत तो माणूस स्वतःची ओळख अशी करून देतो, हे धाडस आवडलं. दुसरी कुठलीही कंपनी असती तर एवढा महागडा हॉलिवूडचा नट आणून त्याला पहिल्या भेटीत गोड बोलायला लावलं असतं.

नट म्हणजे कीआनू रीव्हज. चेहराही त्याचा, बोलणंही त्याचंच. काही लोक म्हणतात तो सपाट बोलतो. बोलतोच सपाट! पण पुष्कळ वर्षं एकच भाषण ठोकत आलेला माणूस असाच बोलतो, त्यातला जोर केव्हाच निघून गेलेला असतो, सवय तेवढी उरते. कंपन्यांनी माणसाचा आत्मा विकत घेतला वगैरे पट्टी तो सुरू करतो तेव्हा ती पाठ केल्यासारखी वाटते, आणि मला तर वाटतं ती तशी वाटायलाच हवी. खरा कीआनू ऐकू येतो तो बारीक टोमण्यांत. आपण एखाद्या कंपनीवाल्याशी अदबीने बोलत असतो आणि हा मागे भिंतीला टेकून सिगारेट ओढत पचकतो. समोरच्याला तो ना दिसतो, ना ऐकू येतो. आपण चेहरा सरळ ठेवून बोलणं पुढे रेटायचं. कार्यक्रमात हेडफोनवर एकजण शिव्या घालत असताना समोरच्या आयोजकाला 'हो साहेब' म्हणायची सवय असलेल्यांना हे फार जवळचं वाटेल.

गाण्याचा आवाज मात्र कीआनूचा नाही. तो डेनिस लुक्सेनचा. 'रिफ्यूज्ड' या स्वीडिश हार्डकोर पंक बँडचा हा गायक, आणि 'सामुराय'ची गाणी त्याच बँडने वाजवलीत. बोलणारा गळा आणि गाणारा गळा यांचा सांधा कुठे दिसतोय का, म्हणून मी हेडफोन लावून मुद्दाम शोधला. दिसतो. बोलताना खर्जात घसरणारा माणूस गाताना एकदम वरच्या पट्टीत कर्कश होतो. पण गाणी इतकी करकरीत आहेत की तक्रार करवत नाही. 'चिपिन इन' या गाण्यातला गिटार बघा, गुळगुळीत केलेला नाही, घाण राहू दिलाय. शहरात गाडी चालवताना रेडिओवर 'सामुराय' लागलं आणि मागच्या सीटवर स्वतः जॉनी बसलेला असला, की जाम मजा येते. मेलेल्या माणसाचं गाणं त्याच्याच शेजारी बसून ऐकायचं!

इथून पुढे कथेतल्या गोष्टी येणार आहेत. खेळायचा विचार असेल तर शेवटच्या दोन परिच्छेदांवर उडी मारा.

जॉनीबद्दल मला सगळ्यात भावलं ते हे, की तो थापाड्या आहे आणि गेम ते आपल्या तोंडावर सांगत नाही. टॉवरवरचा हल्ला आपण त्याच्या आठवणीतून, त्याच्या डोळ्यांनी खेळतो. हेलिकॉप्टर, मशीनगन, बाँब, सगळीकडे हाच हिरो. मात्र हे सगळं जग मुळात माइक पाँडस्मिथ यांच्या १९८८च्या टेबलटॉप, म्हणजे टेबलाभोवती बसून फाशांवर खेळायच्या, खेळातलं. तिथल्या कथेत त्या मोहिमेमागे मिलिटेक ही दुसरी कंपनी होती, मॉर्गन ब्लॅकहँड नावाचा कसलेला भाडोत्री लढवय्या होता, आणि जॉनी त्यातला एक. कंपन्यांच्या नावाने बोंब मारणारा माणूस एका कंपनीच्या पैशावर दुसऱ्या कंपनीवर चालून गेला, हे त्याच्या आठवणीत पार धुऊन निघालंय. हल्ल्याचं खरं कारणही क्रांती कमी आणि आल्ट कनिंगहॅम जास्त. ही त्याची मैत्रीण, अव्वल नेटरनर म्हणजे हॅकर, २०१३मध्ये आरासाकाने तिला पळवलं. आणि तिच्याशी तो जिवंतपणी कसा वागला तेही त्याच्याच आठवणींत दिसतं, त्याला नको असलं तरी. शो पडला तरी 'काय तोडलं राव आज' म्हणत गाडीत बसणारे गायक बघितलेत. साउंडवाल्याला विचारा, तो दुसरं सांगेल. इथे साउंडवाला म्हणजे रोग (Rogue) नावाची त्याची जुनी साथीदार, आता शहरातली सगळ्यात वजनदार दलाल. जॉनीचं नाव काढल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे येतं ते नीट बघा.

त्याची कामं, म्हणजे मुख्य कथेबाहेरचे साइड क्वेस्ट, हा गेमचा खरा गाभा. 'चिपिन इन' नावाच्याच कामात आपण औषधाची गोळी घेऊन एका रात्रीसाठी शरीर त्याच्या ताब्यात देतो. रोगला भेटायचं एवढंच ठरलेलं असतं. साहेब काय करतात? दारू, बाई, भरधाव गाडी, आणि हातावर बदामात 'जॉनी + व्ही' असा टॅटू. सकाळी आपण अनोळखी खोलीत जागे होतो तेव्हा टॅटू हातावर तसाच, पुढे कायमचा. पुढे बंदरावर त्याचं जुनं पिस्तूल मिळतं, समोरच्याला जिवंत सोडलं तर त्याची १९७७ची पोर्शसुद्धा. आणि मग शहराबाहेरचं तेलविहिरींचं उजाड मैदान. कंपनीने त्याला तिथेच कुठेतरी टाकून दिलं होतं. ना दगड, ना नाव. गंजलेले पंप वरखाली होतायत, हा कचऱ्यावर बसलेला, आणि पहिल्यांदाच टोमणा न मारता बोलतो. तू माझ्यासाठी काय लिहिशील, असं विचारतो. इथे दिलेलं उत्तर शेवटच्या एका गुप्त वाटेसाठी मोजलं जातं. पण ते डोक्यात ठेवून उत्तर देऊ नका, मजा जाईल. मी त्याच्या तोंडावर त्याची लायकी काढली. ते त्याला लागलं, आणि तरी तो दुसऱ्या मिनिटाला नेहमीसारखा बोलायला लागला.

बँड पुन्हा एकत्र आणायचं कामही सोडू नका. सत्तरी-ऐंशीच्या घरातली ही माणसं, कुणी लक्षाधीश, कुणी पत्रकार, ड्रमर आणि बासवाला एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत, त्यातला एकच घ्यायचा. केरी युरोडाइन हा गिटारवाला जॉनीच्या सावलीतून बाहेर पडून स्वतः तारा झालेला, तरी अजून त्याच्यावर जळतो आणि त्याच्यासाठी झुरतोही. एका लहानशा बारमध्ये कार्यक्रम होतो. लोक स्टेजवर व्हीला बघतायत, आत गातोय जॉनी. कुठलाही स्टेडियमचा देखावा नाही. माझ्या धंद्यातलं सांगायचं तर त्या खोलीचा आवाज अचूक पकडलाय: झांजा भिंतीवरून परत येतायत, गर्दी बडबडतेय आणि मग बडबडायची थांबते. आपल्याला खेळायला फारसं काही नाही, बटण दाबायचं एवढंच. गिटार खरंच वाजवायला दिला असता तर काय बहार आली असती!

वैतागही आहे. मेंदू सडतोय, दिवस मोजके उरलेत, असं कथा ओरडून सांगते आणि शहर म्हणतं या, गाड्यांच्या शर्यती लावा, मुष्टियुद्ध खेळा. हे गणित शेवटपर्यंत सुटत नाही. जॉनी मुख्य कथेत आणि मोठ्या कामांत भरपूर बोलतो, पण लहान कामांत तासन् तास गायब. डोक्यात राहतो ना हा, मग आत्ता कुठे गेला? आणि त्या बाँबने मेलेल्या हजारो सामान्य माणसांचा हिशेब गेमने त्याच्याकडे फारसा मागितलेला नाही. तो मवाळ होतो, पश्चात्तापाचे दोन शब्द बोलतो, आपणही विरघळतो. मला तिथे कुणीतरी परका, त्या दिवशी घरचं माणूस गमावलेला, समोर आणून बसवायला हवा होता. बंडखोराचं कौतुक करायला सोपं जातं ते मेलेल्यांना चेहरे नसतात म्हणून. आणि हो, कंपन्यांना शिव्या घालणाऱ्या ह्या माणसाच्या बँडची जॅकेटं आता गेमची कंपनीच अधिकृतपणे विकते. जॉनीला कळलं असतं तर मोठ्याने हसला असता, आणि मग आपला वाटा मागितला असता.

शेवट अनेक आहेत. एकात आपण शरीर त्यालाच देऊन टाकतो. मग जॉनी व्हीच्या अंगाने शहरात वावरतो, शेजारच्या पोराला घेऊन गिटारच्या दुकानात जातो आणि बसने शहर सोडतो. ना बाँब, ना भाषण. मला हाच शेवट सगळ्यात पटला, माझा भाचा याच मुद्द्यावर माझ्याशी आठवडाभर बोलत नव्हता. 'मामा, स्वतःचा जीव असा देतात का कुणाला?' 'फँटम लिबर्टी' या २०२३च्या विस्तारात (मूळ गेमला जोडायच्या वेगळ्या भागात) अजून एक शेवट आहे: शस्त्रक्रिया करून जॉनीला काढून टाकायचं. व्ही वाचतो, पण दोन वर्षांनी शुद्धीवर येतो तोवर शहर त्याला विसरलेलं असतं, आणि अंगात लढायचं यंत्र बसवायची सोयही उरलेली नसते. ऑपरेशनच्या आधी जॉनीशी शेवटचं बोलणं होतं, ते पळवू नका, शांतपणे ऐका.

विस्ताराबद्दल एवढंच, की तो हेरकथेच्या बाजाचा आहे, इद्रिस एल्बाने सॉलोमन रीड हा हेर झकास केलाय आणि डॉगटाउन हा नवा भाग मूळ शहरापेक्षा जास्त घट्ट बांधलाय. जॉनी तिथेही येतो, पण पाहुणा म्हणून. त्यामुळे आधी मूळ गेम घ्या, तोही सेलची वाट बघून, विस्तार नंतर. गेम प्रौढांसाठी आहे, शिव्या आणि रक्त दोन्ही सढळ हाताने, नग्नता झाकायचा पर्याय सेटिंगमध्ये मिळतो. मराठी सोडा, हिंदी सबटायटल्सही नाहीत, आणि जॉनी भरभर बोलतो, म्हणून इंग्रजी सबटायटल्स सुरू ठेवा आणि अक्षरं मोठी करा.

लॅपटॉपच्या स्पीकरवर खेळणार असाल तर कृपा करून नका खेळू. साधे वायरवाले हेडफोन चालतील, ब्लूटूथवर आवाज किंचित मागे पडतो. सेटिंगमध्ये संगीत थोडं खाली, संवाद पूर्ण वर. आणि नाइट सिटीच्या पॅसिफिका भागातल्या बंद पडलेल्या जत्रेत रोलरकोस्टर दुरुस्त करायचं एक फुटकळ काम आहे, बक्षीस जवळजवळ शून्य, बरेच लोक वगळतात. ते करा. जॉनी शेजारच्या सीटवर येऊन बसतो आणि दोन्ही हात वर करून ओरडतो.