नूवो राहू द्यायचा की एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकायचा?

नाशिकच्या अंबडमधल्या वर्कशॉपला ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर काढायचेत, कॉलेज रोडवरच्या क्लासला फक्त पीडीएफ आणि व्हिडिओ दाखवायचेत. दोघांकडे उबुंटू आहे आणि एनव्हिडियाचं कार्ड आहे, तरी दोघांचं उत्तर एक नाही. नूवो म्हणजे या कार्डांसाठी उबुंटूसोबतच येणारा खुला ड्रायव्हर. कामाआधी कार्डाची पिढी बघा. टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय -के’ चालवा (टाइप करताना रोमन छोटी अक्षरं). कार्डाचं नाव दिसेल आणि त्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ या ओळीत सध्या कोण काम करतंय तेही.

नूवो कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) आतच असतो, 2010 च्या 2.6.33 आवृत्तीपासून. काही टाकावं लागत नाही, कर्नल अपडेट झाला तरी सोबत येतो, सिक्युअर बूटशी (सही नसलेलं सॉफ्टवेअर मशीन सुरू होताना अडवणारी सोय) त्याचं भांडण नाही. दुखणं वेगाचं आहे. जीटीएक्स 900 मालिकेपासून क्लॉक (चिपचा वेग) वाढवायला एनव्हिडियाची सही असलेलं फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) लागतं, आणि ते नूवोला मिळालं नाही. कार्ड सुरू होताना ज्या धीम्या क्लॉकवर असतं, तिथेच बसून राहतं. जीटी 1030 चंही तेच. जीटीएक्स 1650 आणि पुढच्या कार्डांसाठी कर्नल 6.7 पासून (जानेवारी 2024) वाट निघाली, पण ट्युरिंग (जीटीएक्स 16, आरटीएक्स 20) आणि अँपिअर (आरटीएक्स 30) पिढ्यांवर सुरुवातीला ती सोय हाताने चालू करावी लागे. कूडा (कार्डावर गणितं चालवायची एनव्हिडियाची सोय) मात्र नूवोवर चालतच नाही, म्हणजे ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनला कार्ड असून नसल्यासारखं. क्लासवाल्यांनी नूवोला हात लावू नये. वर्कशॉपला तो पुरणार नाही.

एनव्हिडियाचा ड्रायव्हर पूर्ण वेग देतो, पण त्याचं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा तुकडा) प्रत्येक नव्या कर्नलसाठी नव्याने जुळवावं लागतं. हे काम बहुतेक वेळा डीकेएमएस नावाचं साधन आपोआप करतं. कर्नल हेडर्स (मॉड्यूल जुळवायला लागणाऱ्या फाइली) नसतील, डिस्कवरचा ‘बूट’ विभाग भरला असेल किंवा अपडेट चालू असताना लाईट गेली, तर मॉड्यूल अर्धवट राहतं. एनव्हिडियाच्या पॅकेजने नूवोला आधीच बंद केलेलं असतं. म्हणजे हाही नाही आणि तोही नाही. समोर काळा पडदा किंवा ताणलेलं, जाडंभरडं चित्र. अशा वेळी ग्रबमध्ये (मशीन सुरू होताना येणारा मेनू) ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडा. मशीन उठलं की हेडर्स टाकून ड्रायव्हर पुन्हा बसवा. उबुंटू लगेच फॉरमॅट करायला निघणारे निम्मे लोक इथेच चुकतात.

सिक्युअर बूट चालू असेल आणि मॉड्यूल डीकेएमएसने जुळवलं असेल, तर इन्स्टॉल करताना पासवर्ड विचारतात आणि रीस्टार्टला निळा पडदा येतो. तिथे 10 सेकंदांत कळ दाबून ‘एनरोल एमओके’ (मशीनच्या मालकाची किल्ली नोंदवणं) निवडायचं आणि तोच पासवर्ड द्यायचा. चहा आणायला गेलात तर पडदा निघून जातो, कर्नल मॉड्यूल नाकारतो आणि ड्रायव्हरची अवस्था दाखवणारा ‘एनव्हिडिया-एसएमआय’ म्हणतो की ड्रायव्हरशी बोलता येत नाही.

ड्रायव्हर उबुंटूच्या ‘अॅडिशनल ड्रायव्हर्स’मधूनच घ्या. एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरची ‘रन’ फाइल पॅकेज व्यवस्थेला माहीतच नसते. पुढच्या अपडेटला ती दगा देते आणि काढतानाही छळते.

एमजी रोडवर जीटी 710 स्वस्तात मिळालं म्हणून उचलू नका. ते केप्लर पिढीचं, आणि त्या पिढीला 470 मालिकेपुढे एनव्हिडियाचा ड्रायव्हर नाही, आणि नव्या कर्नलवर तो जुळवताना नाकी नऊ येतात. जीटी 730 तर आणखी फसवं: नाव एकच, पण काहींच्या आत त्याहून जुनी फर्मी चिप, जिला ड्रायव्हरची 390 मालिका शेवटची. जीटी 1030 आणि जीटीएक्स 1060 ची गाडी 580 मालिकेशी थांबते. वर्कशॉपसाठी घ्यायचंच तर 1650 पासून पुढचं घ्या. तिथे एनव्हिडियाचं खुलं (ओपन सोर्स) मॉड्यूलही चालतं. आरटीएक्स 50 मालिकेवर तर फक्त खुलंच चालतं, जुनं बंद मॉड्यूल निवडलं तर पडदा काळाच राहणार.

लॅपटॉपला दोन जीपीयू (ग्राफिक्स चिप) असतील तर ‘ऑन-डिमांड’ (गरजेपुरतंच एनव्हिडिया) ठेवा, बॅटरी टिकते.

काहीच दिसत नसेल तर ग्रबमध्ये ‘ई’ दाबून ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ (रोमन छोट्या अक्षरांत) लिहा आणि एफ10 दाबा. हे त्या एका बूटपुरतंच. कायमचं राहिलं तर नूवोही झोपतो, सगळं चित्र प्रोसेसर काढत बसतो, आणि क्लासमधला साधा व्हिडिओही अडखळतो.