घरात कोण आहे हे सांगणारा आरसा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

पाडव्याला दारालगतच्या भिंतीवर आरसा लावला, त्याला आता आठ महिने झाले. पुढे अर्धपारदर्शक काच, तिच्यामागे जुना मॉनिटर, रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक आणि त्यावर मॅजिकमिरर हे मुक्त सॉफ्टवेअर. घड्याळ, हवामान आणि सणांचं कॅलेंडर पहिल्या दिवसापासून बिनतक्रार चालू आहे, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. मी हा खटाटोप केला तो चौथ्या कोपऱ्यासाठी. आईला आताशा कमी ऐकू येतं. बाबा फिरून आले, लॅच उघडून आत जाऊन आडवे झाले, तरी स्वयंपाकघरात तिला कळत नाही. येता-जाता आरशात बघून तिला ते कळावं, एवढंच मला हवं होतं.

त्यासाठीचं मॉड्यूल, म्हणजे मॅजिकमिररला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, ठराविक सेकंदांनी घरच्या नेटवर्कवरच्या एकेका पत्त्याला हाक मारतं. जे उपकरण ओ देतं त्याचा मॅक पत्ता (नेटवर्कवर उपकरण ओळखायचा क्रमांक) आपण लिहून ठेवलेल्या यादीशी ताडून नाव दाखवतं. काम इतकं सोपं, पण मला ते बसवायला चार महिने लागले.

सुरुवातीला आरशावरची यादी कोरीच. टर्मिनलवर सुडो लावून, म्हणजे प्रशासकाचे अधिकार घेऊन, आर्प-स्कॅन हा हाका मारणारा प्रोग्रॅम चालवला की सगळी उपकरणं दिसायची, आरशावर मात्र एकही नाही. आरसा साध्या युजरच्या नावाने चालतो आणि हाकेसाठी लागणारे कच्चे पॅकेट (नेटवर्कवर थेट सोडायचे संदेश) पाठवायची मुभा साध्या युजरला नसते. म्हणून तपासताना तीच आज्ञा सुडोशिवाय चालवून बघा, दोष लगेच सापडतो. सगळं सुडो खुलं करण्यापेक्षा मी सेटकॅप ही आज्ञा वापरून त्या एका प्रोग्रॅमला तेवढीच परवानगी दिली. पुढे एका अपडेटनंतर यादी पुन्हा कोरी झाली. प्रोग्रॅमची फाइल बदलली होती, तिच्याबरोबर परवानगीही गेली होती. आता अपडेट झालं की ती परत देतो.

मग अर्धेच फोन दिसू लागले, आणि यात तीन रविवार गेले. फायबर इंटरनेटवाल्यांनी दिलेल्या डब्यात वायफाय आहेच, शिवाय आतल्या खोलीपर्यंत रेंज पोचावी म्हणून मी स्वतःचा राउटर जोडला होता. डब्याचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होणारे, माझ्या राउटरचे १९२.१६८.० ने. म्हणजे एका घरात दोन नेटवर्क, आणि आर्पची हाक राउटर ओलांडून पलीकडे जातच नाही. आरसा बाहेरच्या नेटवर्कवर, बाबांचा फोन आतल्या. दुसरा राउटर अॅक्सेस पॉइंट मोडवर टाकला, म्हणजे त्याने फक्त वायफाय पसरवायचं, पत्ते वाटायचं काम एकट्या डब्याकडे ठेवलं आणि सगळे फोन एका यादीत आले. आपल्याकडे कित्येक घरांत असे दोन राउटर एकामागे एक असतात, तेव्हा मॉड्यूलला दोष देण्याआधी हे बघा.

आईचा फोन तरीही ओळखू येईना. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायला आपला खरा मॅक पत्ता न देता बनवलेला देतात. मी यादीत खोक्यावरचा लिहिला होता, तो जुळणार कसा? ओळखायची खूण अशी: पत्त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनवलेला आहे. घरच्या वायफायपुरती ही सोय बंद करता येते. बाहेरच्या वायफायवर ती चालूच ठेवा, चांगली सोय आहे.

जूनमधली एक दुपार मात्र अजून मनातून जात नाही. बाबा आतल्या खोलीत झोपलेले, फोन उशाशी, आणि आरशावर त्यांच्या नावापुढे ‘बाहेर’. पाऊस कोसळत होता. आई आत न डोकावता छत्री घेऊन त्यांना शोधायला कट्ट्यापर्यंत गेली. फोनचा पडदा बराच वेळ बंद असला की तो बॅटरी वाचवायला वायफायवर डुलक्या घेतो, प्रत्येक हाकेला ओ देतोच असं नाही. माझं मॉड्यूल तीन मिनिटं वाट बघून माणूस बाहेर गेल्याचं ठरवत होतं. मी ती मुदत १५ मिनिटं केली. आता बाबा निघाले तरी पाव तास घरातच दिसतात, पण परतल्यावर फोन वायफायला जोडला की लगेच कळतं, आणि आईला कळायला हवं असतं ते परतणं. ‘बाहेर’ हा शब्दही काढून टाकला. त्या जागी ‘फोन शेवटचा दिसला’ आणि वेळ येते. आरशाला माहीत असतं तेवढंच त्याने सांगावं.

पावसाळ्यात वीज गेली-आली की रास्पबेरी पाय राउटरच्या आधी जागा व्हायचा आणि यादी रिकामी राहायची. आरसा दोन मिनिटं उशिरा सुरू होईल असं केलं, ते मिटलं.

एवढं करूनही एक गोष्ट उरली. सकाळी दूध आणायला जाताना बाबा फोन चार्जिंगला लावून जातात, आणि आरसा त्यांना घरातच दाखवतो. आई आता आधी दारातल्या चपला बघते, मग आरसा.