एका कनेक्शनवर तीन कॉम्प्युटर: राऊटरचा आठ महिन्यांचा अनुभव

घरातलं इंटरनेट तीन कॉम्प्युटरना नीट पुरावं म्हणून आठ महिन्यांपूर्वी वेगळा राऊटर घेतला. ड्युअल बँड (म्हणजे वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर), केबल लावायचे चारही लॅन पोर्ट गिगाबिट (१००० एमबीपीएसपर्यंतचे) आणि सेटिंगमध्ये एसक्यूएमची, म्हणजे डेटाच्या रांगा आवरण्याची, सोय. कनेक्शन २०० एमबीपीएसचं, अपलोड ३०. माझा डेस्कटॉप केबलवर, बायकोचा ऑफिसचा लॅपटॉप आणि मुलीचा लॅपटॉप वायफायवर.

पहिला आठवडा डोकेदुखीचा गेला. कनेक्शनसोबत आलेला डबा स्वतःच राऊटरचं काम करत होता आणि त्याच्या पुढे मी हा दुसरा जोडला. दोघेही १९२.१६८.१ ने सुरू होणारे आयपी पत्ते (नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राचा क्रमांक) वाटायला लागले आणि नेटच बंद. नव्या राऊटरचे पत्ते १९२.१६८.५० वर नेले तेव्हा नेट आलं, पण प्रिंटर सापडेना, कारण तो जुन्या डब्याच्या वायफायवरच राहिला होता. शेवटी डबा ब्रिज मोडमध्ये टाकून घेतला, म्हणजे तो राऊटरचं काम सोडून नेट फक्त पुढे देतो, आणि कनेक्शनचं युजरनेम-पासवर्ड राऊटरमध्ये भरलं. तेव्हापासून पत्ते वाटणारा घरात एकच आहे. तुमच्याकडेही असा डबा असेल तर हे काम सगळ्यात आधी उरका.

दुसरा प्रश्न केबलचा निघाला. डेस्कटॉपवर स्पीड टेस्ट केली की आकडा कायम ९४ च्या आसपास, आणि वायफायवरच्या लॅपटॉपवर १८० च्या वर. केबल वायफायपेक्षा हळू? मी राऊटरलाच दोष देत बसलो होतो. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० एमबीपीएसला चार पुरतात. माझ्या जुन्या केबलची एक जोडी तुटलेली होती, म्हणून जोडणी निमूटपणे १०० वर उतरली होती. कॅट ६ ची नवी केबल लावली आणि त्याच मिनिटाला पूर्ण २०० मिळाले. ९४ दिसले की आधी केबल बदलून बघा.

पण हा राऊटर मला खरा पटला तो अपलोडच्या बाबतीत. रोज संध्याकाळी मुलीच्या लॅपटॉपवरून फोटोंचा बॅकअप सुरू व्हायचा आणि बायकोची मीटिंग अडकायला लागायची. आवाज तुटायचा, चेहरे गोठायचे. डाउनलोड जवळपास रिकामं असायचं, त्यामुळे कारण कळायला मला दोन महिने लागले. बॅकअप अपलोडची सगळी ३० एमबीपीएस भरून टाकत होता. बाहेर जाणारी डेटाची पाकिटं डब्यातल्या रांगेत तुंबत होती आणि मीटिंगचा आवाज त्याच रांगेच्या शेवटी उभा राहत होता. एरवी १२ मिलिसेकंद असणारा पिंग (डेटा जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ) तेव्हा ६०० च्या पुढे जायचा. एसक्यूएम चालू करून अपलोडची मर्यादा २६ ठेवली. आता रांग डब्यात न लागता राऊटरमध्ये लागते आणि राऊटर प्रत्येकाला आलटून पालटून सोडतो. बॅकअप चालू असतानाही पिंग ३० च्या आसपास राहतो. त्यासाठी ४ एमबीपीएस सोडावे लागले, त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. ज्या घरात कुणी घरून काम करतं, तिथे राऊटर घेताना खोक्यावरच्या मोठ्या आकड्याच्या आधी ही सोय आहे का ते पाहावं, असं माझं ठाम मत झालं आहे.

वायफायबद्दल एकच सांगतो. हवेतला वेळ सगळ्यांना वाटून घ्यावा लागतो. मुलगी मागच्या खोलीत बसली की तिच्या लॅपटॉपला सिग्नल कमकुवत मिळतो, तेवढाच डेटा पाठवायला त्याला जास्त वेळ लागतो आणि राऊटरच्या शेजारी बसलेल्यालाही वाट पाहावी लागते. राऊटर कपाटातून काढून पॅसेजमध्ये उंचावर ठेवला, त्याने बराच फरक पडला. प्रिंटर २.४ गिगाहर्ट्झवर, दोन्ही लॅपटॉप ५ वर. शेजारच्या वायफायची गर्दी पाहून २.४ चा चॅनल ११ केला आहे.

तक्रार एक आहे आणि ती गंभीर आहे. चौथ्या महिन्यात फर्मवेअर (राऊटरचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट झालं आणि एसक्यूएमचं सेटिंग पुसलं गेलं. कुठलीही सूचना नाही. मीटिंग पुन्हा अडकायला लागल्यावर लक्षात आलं. तेव्हापासून सेटिंगची बॅकअप फाईल डेस्कटॉपवर ठेवली आहे. अपडेट मात्र टाळत नाही, सुरक्षेसाठी ती हवीतच. पहिल्याच दिवशी अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलला होता आणि डब्ल्यूपीएस (वायफायचा पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद केलं होतं.

आता मागच्या खोलीपर्यंत केबल ओढायची आहे. मुलीचा लॅपटॉप एकदा तारेवर गेला की वायफायवर कॉम्प्युटर म्हणून बायकोचा लॅपटॉप तेवढा उरेल.