जॉब शॉपसाठी लिंक्डइन: आठ महिने नेमाने लिहिल्यावर

मंगळवारी सकाळी साडेनऊला लिंक्डइनवर जायची पोस्ट दुपारपर्यंत टूलमध्येच पडून होती. आठ महिन्यांत ही तिसरी वेळ. शेड्युलिंगच्या (ठरल्या वेळी पोस्ट आपोआप टाकणाऱ्या) टूलवाल्यांचं तिन्ही वेळा एकच उत्तर आलं: खातं पुन्हा जोडा. का तुटलं ते सांगत नाहीत, आणि वर्षाचे पैसे डॉलरमध्ये आधीच भरलेले असल्यानं परत द्यायलाही तयार नाहीत. कारण अगदी साधं आहे. लिंक्डइन बाहेरच्या ॲपला पोस्ट करण्याची जी परवानगी देतं तिची मुदत ६० दिवसांची असते. ती आपोआप वाढवून घेण्याची सोय ठरावीक भागीदार कंपन्यांनाच मिळते. ज्या टूलकडे ती सोय नाही, ते दर दोन महिन्यांनी बंद पडणारच. असं टूल घेतलंच असेल तर ५५व्या दिवसाची आठवण फोनमध्ये लावा आणि खातं स्वतःहून पुन्हा जोडा. घेतलं नसेल तर घेऊच नका. लिंक्डइनच्या पोस्टच्या चौकटीत बटणाशेजारी घड्याळाचं चिन्ह आहे. तिथून पुढच्या तीन महिन्यांपर्यंतची वेळ लावता येते आणि त्याला एक पैसा लागत नाही. आठवड्याला दोन पोस्ट करणाऱ्या माणसाला याहून जास्त काही लागत नाही.

हा अनुभव भोसरी एमआयडीसीतल्या लहान जॉब शॉपचा, म्हणजे गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगप्रमाणे पार्ट बनवून देणाऱ्या कारखान्याचा आहे. व्हीएमसी (संगणकावर चालणारं उभं मिलिंग मशीन), टर्निंग (लेथवरचं काम), जिग-फिक्श्चर (पार्ट जागेवर धरून ठेवायची साधनं) अशी कामं, आणि गिऱ्हाईक म्हणजे चाकण-रांजणगावच्या कंपन्यांचे खरेदी आणि सोर्सिंगवाले (पुरवठादार शोधणारे). तुमचा धंदा थेट घरगुती गिऱ्हाइकाशी असेल तर यातलं निम्मं तुमच्या कामाचं नाही.

सगळ्यात आधी पहिल्या दोन ओळींबद्दल लिहितो, कारण आठ महिन्यांत एवढा फरक दुसऱ्या कशानंच पडला नाही. पोस्टला ३००० अक्षरांची मर्यादा आहे, पण फीडमध्ये फोनवर दिसतात त्या दोन-तीन ओळी. फोटो किंवा पीडीएफ जोडली की त्याहून कमी. बाकी सगळं ‘मोअर’च्या खाली जातं. देवनागरीत त्या जागेत जेमतेम बारा-पंधरा शब्द मावतात. मध्ये मोकळी ओळ सोडली तर तीही मोजली जाते. एक वाक्य, मग मोकळी ओळ, अशी सुरुवात केली की दिसणारी अर्धी जागा कोरीच गेली.

उदाहरणच देतो. हार्ड ॲनोडायझिंगवरच्या (ॲल्युमिनियमवर विजेच्या प्रक्रियेनं कडक थर चढवण्यावरच्या) पोस्टची पहिली सुरुवात अशी होती: ‘नमस्कार! आज आपण ॲल्युमिनियमच्या पार्टवरच्या कोटिंगविषयी काही महत्त्वाच्या गोष्टी पाहणार आहोत.’ संपली जागा. वाचणाऱ्याला काय मिळालं? काहीच नाही. तोच मजकूर काही आठवड्यांनी असा टाकला: ‘एम६चे आटे गो गेजनं पास झाले. कोटिंग होऊन आले आणि बोल्ट दुसऱ्या आट्यालाच अडकला.’ (एम६ म्हणजे ६ मिमीच्या बोल्टचे आटे, गो गेज म्हणजे आटे मापात आहेत का ते तपासायचं साधन.) हे ज्याच्या टेबलावर घडलंय तो माणूस ‘मोअर’ दाबतोच, आणि नेमका तोच आपल्याला हवा असतो. खालचा मजकूर दोन्ही वेळा तोच होता. ५० मायक्रॉनचा (०.०५ मिमी) थर निम्मा धातूच्या आत जातो आणि निम्मा बाहेर वाढतो, म्हणजे प्रत्येक पृष्ठभागावर २५ मायक्रॉन. सरळ भोकाचा व्यास त्यामुळे ५० मायक्रॉननं कमी होतो. पण ६० अंशांच्या आट्यांत पिच डायमीटरवर (आट्यांच्या मधल्या उंचीवरच्या व्यासावर) बाहेरच्या वाढीच्या चौपट फरक पडतो, म्हणजे १०० मायक्रॉन. एम६सारख्या लहान आट्यांत बोल्ट अडकायला तेवढं पुरेसं आहे. उपाय दोन: टॅपिंगच्या भोकांना रबरी प्लग लावून मास्किंग करा, किंवा ओव्हरसाइज टॅप (थोडे मोठे आटे पाडणारं हत्यार) मारा. मास्किंगला मजुरी लागते आणि आटे उघडे राहतात. ओव्हरसाइज टॅपमध्ये कोटिंगवाल्यानं थर पातळ दिला तर बोल्ट ढिला बसतो. म्हणून ऑर्डर घेतानाच एक प्रश्न विचारायचा: ड्रॉइंगवरची मापं कोटिंगच्या आधीची की नंतरची?

असा प्रश्न पोस्टच्या शेवटी ठेवला की कॉमेंट कामाच्या येतात. ६०८२ या ॲल्युमिनियमच्या जातीवर जसा थर बसतो तसा २०१४ या जातीवर बसत नाही, कारण तिच्यात तांबं जास्त, ही भर एका कोटिंगवाल्यानंच घातली. ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं मोघम विचारलं की नुसते टाळ्यांचे इमोजी येतात.

विषय कुठून आणायचे, ही तक्रार बहुतेकांची असते. कारखान्यात रिजेक्शनचं रजिस्टर असतं, त्यातली प्रत्येक नोंद म्हणजे एक पोस्ट. काय बिघडलं, कुठल्या मापाला, का, आणि पुढच्या लॉटला काय बदललं. दुसरा साठा म्हणजे गिऱ्हाइकाला पाठवलेल्या ड्रॉइंगवरच्या शंका. पद्धत अशी बसली: शनिवारी सुपरवायझर दोन मिनिटांची व्हॉइस नोट पाठवतो, रविवारी तिचं लिखाण होतं, मंगळवार आणि गुरुवारसाठी पोस्ट लावल्या जातात. मजकूर हजार-बाराशे अक्षरांचा. दोन पोस्टना मिळून आठवड्याला तीन तास जातात. आठवड्याला पाच पोस्टचा प्रयोग दीड महिना करून सोडून दिला. रिजेक्शन तेवढी होत नाहीत, झाली तर धंदाच राहणार नाही, आणि मग उरलेल्या जागी सुविचार भरावे लागतात.

फोटोंच्या बाबतीत फार जपा. गिऱ्हाइकाचा पार्ट परवानगीशिवाय टाकायचा नाही हे सगळ्यांना माहीत असतं, चूक होते ती मागच्या बाजूला. मागे ठेवलेलं जॉब कार्ड, फळ्यावरचं नाव, ट्रॉलीवरचं स्टिकर, ड्रॉइंगचा उजवा खालचा कोपरा, पार्टवर कोरलेला नंबर. फोटो झूम करून हे पाचही बघितल्याशिवाय वर चढवू नका. गोपनीयतेचा करार असेल तर सरळ भंगारातल्या तुकड्यावर तेच मशीनिंग करून त्याचा फोटो काढा. चूक समजावून सांगायला तेवढं पुरतं.

मराठीत लिहावं की इंग्रजीत, यावर माझं मत मध्येच बदललं. पहिले तीन महिने मराठी पोस्ट वाया जातात असं वाटत होतं. सोर्सिंगवाल्यांत कितीतरी जण तमिळ नाहीतर हिंदी बोलणारे, ड्रॉइंग इंग्रजीत, मेल इंग्रजीत. मग पोस्टच्या आकडेवारीत वाचणाऱ्यांचे हुद्दे नीट बघितले. मराठी पोस्ट वाचणारे होते दुसरे कारखानदार, प्रॉडक्शनचे सुपरवायझर, वाळूज आणि शिरोलीचे लोक. त्यांच्याकडे मशीन भरलेलं असतं तेव्हा जादा काम ते बाहेर देतात, आणि ते काम अशा पोस्टमधूनच आलं. आता कोटिंग, टॉलरन्स (मापात चालणारा फरक), ड्रॉइंगचे विषय इंग्रजीत जातात, सेटिंग आणि टूलिंगचे मराठीत. एकाच पोस्टमध्ये वर इंग्रजी आणि खाली मराठी असं करू नका. खालची भाषा ‘मोअर’च्या आत गाडली जाते आणि मराठी वाचणाऱ्याला ती आहे हेच कळत नाही.

आकडेवारीत मी आता एकच गोष्ट बघतो: कुठल्या हुद्द्याच्या, कुठल्या शहरातल्या लोकांनी वाचलं. खंडेनवमीला मशीनची पूजा केल्याचा फोटो बाकी सगळ्या पोस्टपेक्षा जास्त लोकांनी बघितला, पण त्यातले बहुतेक नोकरी शोधणारे आणि ओळखीचे होते. कोटेशनची एकही चौकशी त्यातून आली नाही. फोटो टाकावाच, आपल्या माणसांना आनंद होतो. फक्त त्या आकड्यावर पुढच्या महिन्याचं नियोजन करू नये.

कंपनी पेजविषयीही मत बदललं. सुरुवातीला ते बंदच करायचं ठरवलं होतं, कारण तोच मजकूर मालकाच्या प्रोफाइलवरून टाकला की कितीतरी जास्त लोकांपर्यंत जातो. पण नवीन कंपनीत व्हेंडर म्हणून नोंदणी करताना समोरचा माणूस आधी पेज उघडून बघतो, हे दोन-तीनदा दिसलं. म्हणून पेज ठेवा, पण तिथे रोज राबू नका. माहितीच्या भागात मशीनची यादी बेडच्या मापासह, आयएसओ ९००१ प्रमाणपत्राची व्याप्ती, कुठले धातू घेता, कमीत कमी किती नग घेता, एवढं लिहा. पेजला फॉलोसाठी महिन्याला २५० निमंत्रणं पाठवता येतात आणि जेवढी स्वीकारली जातात तेवढी परत वापरायला मिळतात. ती चुलतभावांवर खर्च करू नका. खरेदी आणि क्वालिटीवाल्यांनाच पाठवा.

पैसे भरून घेतलेल्या प्रीमियमचा या कामाला उपयोग झाला नाही. प्रोफाइल कोणी बघितलं याची यादी मोठी मिळते एवढंच. लहान कारखान्यानं तेच पैसे पार्टच्या फोटोंसाठी चांगल्या दिव्यावर आणि मॅट पांढऱ्या शीटवर घालावेत. चमकत्या ॲल्युमिनियमवर ट्यूबलाइटचा पट्टा आला की पृष्ठभागाचं फिनिश दिसतच नाही.

मेसेजमधून चौकशी आली तर तिथेच दर सांगायच्या फंदात पडू नका. चार गोष्टी मागा: पीडीएफ आणि स्टेप फाइल (पार्टचं थ्रीडी मॉडेल), नग, धातूचा ग्रेड, फिनिश. त्या ईमेलवर मागा. ड्रॉइंग गिऱ्हाइकाच्या अधिकृत मेलवरून आलं की पुढे कुठली आवृत्ती खरी, यावर वाद होत नाही.

आता देवनागरीचा त्रास. लिंक्डइनच्या पोस्टमध्ये ठळक अक्षरांची सोय नाही. बाहेरच्या साइटवरून जी ठळक अक्षरं लोक चिकटवतात ती युनिकोडमधली गणिताची रोमन चिन्हं असतात. देवनागरीत तशी चिन्हंच नाहीत, त्यामुळे मराठी शब्द साधे राहतात आणि मधले इंग्रजी तेवढे जाड दिसतात. अंधांसाठीचं वाचन सॉफ्टवेअर ती चिन्हं नीट वाचतही नाही. डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करून आणलेला मजकूर पोस्टमध्ये चिकटवला की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. मजकूर युनिकोडमध्येच मागा.

खरी डोकेदुखी पानं सरकवायच्या पीडीएफची आहे. पोस्टमधला मजकूर नंतर दुरुस्त करता येतो, पण एकदा चढवलेली पीडीएफ बदलता येत नाही. एका पानावर जोडाक्षर तुटलं तर पोस्ट काढून टाकावी लागते आणि तिच्याबरोबर सगळ्या कॉमेंटही जातात. म्हणून प्रेझेंटेशनची फाइल थेट चढवू नका, फॉन्ट बदलून जातो. आधी पीडीएफ करा आणि ॲक्रोबॅटमध्ये प्रॉपर्टीजच्या फॉन्ट टॅबवर प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ (फॉन्ट फाइलमध्येच बसवलेला) आहे का बघा. इनडिझाइनमध्ये काम करत असाल तर ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर (अक्षरं जुळवायची पद्धत) निवडा, नाहीतर वेलांट्या जागा सोडतात. पान १०८० बाय १३५० पिक्सेलचं, अक्षर ४४ पिक्सेलपेक्षा लहान नको. मुक्ता फॉन्ट फोनवर स्वच्छ दिसतो. शेवटी पीडीएफ स्वतःच्या फोनवर उघडून ‘दुसऱ्या’, ‘क्षमता’, ‘पृष्ठभाग’ हे तीन शब्द शोधा. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढला असेल, तर फाइल परत पाठवा.