'जपानी देवदार' म्हणून घेतलेलं रोप : पाचपैकी तीन

रोपाला साडेचार, नर्सरीला दीड. सरासरी तीन धरा.

गेल्या जानेवारीत शहराबाहेरच्या एका नर्सरीतून घेतलं. कमरेएवढं, काळ्या पिशवीत, चिठ्ठीवर 'जपानी देवदार'. सांगितले ७५०. पाला तांबडा दिसत होता, म्हणून म्हटलं, वाळायला लागलंय, शंभर कमी कर. पोरानं केले. मार्चमध्ये बघतोय तर सगळं हिरवंगार! थंडीत ह्या झाडाचा पाला तांबूस होतोच, हे मलाही माहीत नव्हतं आणि विकणाऱ्यालाही.

देवदार मात्र हे नव्हे. देवदाराच्या सुया गुच्छानं येतात. ह्याच्या एकेकट्या, काडीभोवती गोल फिरत गेलेल्या, टोकं आत वळलेली, मांजराच्या नखासारखी. जपानात ह्याला सुगी म्हणतात, दार्जिलिंगकडं धुपी.

धुपी मला लाकूड म्हणून आधीच माहीत होती. मी सुतार, टिंबर मार्केटजवळ पस्तीस वर्षं दुकान. आमचे दाजी फौजेत होते, त्यांनी दार्जिलिंगहून आणलेली पेटी बिजागरी उचकटली म्हणून माझ्याकडं आली. उचलली तर हाताला वजनच नाही, सागाच्या निम्म्याच्या आसपास. गाभा तांबूस, कडेचं लाकूड पांढरट. रंधा मारला तसा दुकानभर वास सुटला. पण लाकूड फसवं. वाढीची रेघ कडक आणि दोन रेघांमधला भाग मऊ, पातं जरा बोथट असलं की तो कापला न जाता दबतो. दोनदा धार लावली. स्क्रू धरेनात, तेव्हा जुन्या भोकांत सागाच्या खुंट्या ठोकून त्यात बसवले. नखानंही ओरखडा उठतो, त्यामुळं टेबलाला हे नकोच. पेटी करा, भिंतीला फळ्या मारा. जपानी लोक ह्याची साकेची, म्हणजे तांदळाच्या दारूची, पिंपं करतात.

नर्सरीतला पोरगा म्हणाला, "काका, दहा वर्षांत लाकूड विका." जपानात लागवडीतलं झाड तोडायला चाळीस-पन्नास वर्षं थांबतात. माझं वय ६२.

खरी तक्रार पुढंच आहे. "फुल ऊन, दिवसाआड पाणी" असं सांगून दिलं. हे गारव्याचं, ओलाव्याचं झाड. एप्रिलमध्ये तापलेल्या गच्चीवर कुंडीत काय तग धरणार? एक बाजू करपली. हा तांबडेपणा वेगळा, बोटांत चुरगळला की भुगा. फोन केला तर "उन्हाळ्यात होतंय असं."

शेवटी मे महिन्यात पन्हाळ्याला आक्काच्या अंगणात नेऊन लावलं. दुपारी भिंतीची सावली, जांभ्याची माती, बुडाशी पालापाचोळा, पावसाचं पाणी साचू नये म्हणून थोडा उंचवटा. करपलेली बाजू लावतानाच भिंतीकडं केली, ती अजून बोडकीच आहे. बाकी झाड वीतभर वाढलं. पन्हाळा, गगनबावडा, आंबा घाटाकडं जागा असेल तर जरूर घ्या. शहरातल्या गच्चीसाठी घेऊ नका, कितीही स्वस्त दिलं तरी.

परवा आक्काचा फोन आला. "तुझं झाड वाळायला लागलं बघ, तांबडं पडलंय."

म्हटलं, हात लावून बघ, चुरा होतोय काय?

"न्हाई, ओलं लागतंय."

मग राहू दे म्हटलं.