वॉल्व्हवरचा पत्रा: सायलेन्सरचा काळा की चंदेरी?

जुन्या वॉल्व्ह रेडिओच्या लाकडी कॅबिनेटमध्ये सगळ्यात जास्त तापणाऱ्या काचेच्या नळ्यांच्या, म्हणजे आउटपुट आणि रेक्टिफायर वॉल्व्हच्या डोक्यावर, लाकूड तापू नये म्हणून ठोकलेला पत्रा गंजला की रंगाचा प्रश्न येतोच. मी दोन्ही रंग देऊन पाहिलेत. घरच्या मर्फी रेडिओच्या पत्र्याला मोटरसायकलच्या सायलेन्सरचा काळा हीटप्रूफ स्प्रे मारला. नाशिकला गोदाघाटावर बुधवारच्या बाजारात मिळालेल्या फिलिप्सच्या पत्र्याला साधा अ‍ॅल्युमिनियम पेंट दिला, ब्रशने.

काळा दिसतो देखणा. लगेच सुकतो, एकसारखा बसतो. डब्यावर ६०० अंश छापलेलं असतं, त्यामुळे आपणही निर्धास्त होतो. पण हा रंग सिलिकॉनचा. वरून सुकला तरी पक्का व्हायला साधारण २०० अंशांची आच लागते. सायलेन्सरला ती आपोआप मिळते, रेडिओतल्या पत्र्याला मिळत नाही. ईएल८४ सारख्या आउटपुट वॉल्व्हमधून साधारण १७-१८ वॅट उष्णता निघते आणि तीही चहूकडे पांगते. पत्रा हाताला चटका देतो, रंग भाजत नाही.

माझ्या मर्फीत नेमकं हेच झालं. रेडिओ लावून वीसेक मिनिटं झाली की थिनरसारखा उग्र दर्प. जुना सेट तापला की धूळ, मेण आणि लाकूड यांचा जो वास येतो त्यासाठी तर मी हा उद्योग करतो, आणि तोच झाकला गेला. आई आतून विचारायची, "काय जळतंय रे?" आज जाईल, उद्या जाईल म्हणत अख्खा श्रावण काढला. शेवटी पत्रा उतरवून कोपऱ्यात नख दाबलं, तर चंद्रकोर उमटली. दीड महिन्यानंतरही रंग कच्चाच होता.

इथे अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पावडर कोटिंगवाल्यांच्या भट्ट्या असतात. तिथे कुणी ओळखीचं असेल आणि पत्रा तासभर भाजून मिळत असेल, तर काळ्याबद्दल माझी ही तक्रार उरत नाही. घरच्या केकच्या ओव्हनमध्ये मात्र तो घालू नका.

चंदेरीचा त्रास वेगळा. सारखा ढवळावा लागतो, ब्रशच्या रेघा राहतात, पावसाळ्यात सुकायला दोन-दोन दिवस घेतो. पण तो हवेनेच पक्का होतो, आच मागत नाही. वास आला तो पहिले तीन-चार दिवस, मग गेला तो गेलाच. शिवाय चंदेरी पृष्ठभाग वॉल्व्हची धग बरीचशी परत खाली फेकतो. काळा ती शोषून घेतो आणि तापून वरच्या लाकडाकडे सोडतो. मी थर्मामीटर लावलेला नाही. दोन तासांनी कॅबिनेटवर तळहात ठेवतो, तेवढंच. फिलिप्स कोमट लागतो, मर्फी काळा असताना जरा जास्त लागायचा. सेट वेगळे आहेत, तेव्हा सगळं श्रेय रंगाला देणार नाही. आणि हे डोक्यावरच्या पत्र्यापुरतंच. वॉल्व्हभोवतीच्या डब्यांना काळा चांगला, तिथे काचेची उष्णता ओढून बाहेर टाकायची असते.

पत्र्यामागे पांढुरका, पुठ्ठ्यासारखा थर दिसला तर पॉलिश पेपर लावू नका. जुन्या सेटमध्ये तो अ‍ॅस्बेस्टॉसचा असू शकतो.

मर्फीचा पत्रा दिवाळीच्या सुट्टीत खरवडून चंदेरी केला. खाली रेड ऑक्साइड, वर दोन पातळ हात, आणि बसवण्याआधी आठवडाभर गच्चीवरच्या उन्हात.